बा जिता हाय माझा

बेळगावच्या शहापुरात माझं रंगभूषेचं दुकान. खानापूर तालुक्यात यात्रा सुरू झाल्या की पेटी उचलायची आणि रोज नव्या गावाला जायचं, तीस वर्षं हेच चाललंय.

त्या रात्री नाटकाला तासभर उरला असताना फोन आला. आईचं काम करणाऱ्या बाईंची गाडी संकेश्वरच्या पुढं बंद पडली होती. समोर माणसं पोती अंथरून बसलेली. आईची भाषणं तोंडपाठ असलेला एकच माणूस होता, प्रॉम्प्टर. चोवीस वर्षांचा शेतकरी पोरगा, अंगानं सडपातळ, ओठावर पीळदार मिशी.

"साडी नेसतो मामा, पण मिशी काढणार न्हाई. बा जिता हाय माझा."

मी वस्तरा खाली ठेवला आणि त्याला अण्णा साळुंके सांगितले. माझ्या पेटीच्या झाकणात आत त्यांचं नाव लिहिलेलं आहे. 1913 साली आलेल्या 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती मिळेना. एकही बाई कॅमेऱ्यापुढं उभी राहायला तयार नव्हती. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत स्वयंपाक करणारा हा माणूस फाळक्यांच्या नजरेत भरला, त्याची नाजूक बोटं बघून. दहा रुपये पगार होता, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. चुलीपुढून उठलेला माणूस आपल्या पहिल्या चित्रपटाची राणी झाला. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये कमलाबाई गोखले आणि त्यांच्या आई दुर्गाबाई पडद्यावर आल्या, पण तोवर ते ओझं साळुंक्यांनी पेललेलं होतं. 1917च्या 'लंकादहन'मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच! पुढं त्यांनी कॅमेराही चालवला. बालगंधर्वांचं नाव आमच्याकडं पोरासोरांना माहीत असतं, आणि असायलाच हवं. साळुंक्यांचं कुणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पोरगा ऐकत होता. "त्येंच्या बाला काय वाटलं असंल?" एवढंच विचारलं त्यानं.

मी म्हटलं, "तुझा बा बाहेर बसलाय. त्यालाच विचारून ये."

तो गेला. परत आला तो गालाला पाणी लावूनच.

मिशी उतरली तेव्हा वरचा ओठ बाकीच्या तोंडापेक्षा गोरा निघाला. तिथं रंगाचा एक हात जास्त द्यावा लागला. खरी अडचण हातांची होती. साळुंक्यांची बोटं याच्याकडं कुठली? खुरप्यानं तळव्याला घट्टे पडलेले, नखांत काळी माती. बांगड्या मनगटावर चढेनात. साबण लावून चढवल्या, तरी दोन फुटल्या. म्हटलं, पदर मुठीत धर आणि मूठ सोडू नकोस.

तिसऱ्या अंकात लेक घर सोडून जातो, तिथं त्यानं मूठ सोडली. दोन्ही हात पुढं केले. ते राठ हात बघून बायकांत कुणीतरी हुंदका दिला. मी विंगेत पावडरचा डबा धरून उभा होतो. राबणाऱ्या आईचे हात असेच असतात, आणि मी ते झाकायला सांगितले होते.

नाटक सुटलं तेव्हा अडीच वाजले होते. मी खोबरेल तेल आणि कापूस घेऊन बसलो. त्यानं माझा हात धरला.

"जरा थांबा की मामा. आज्जीला यात्रेला येता आलं न्हाई, गुडघं दुखालेत तिचं. दाखवून येतो."

आणि साडीचा घोळ वर धरून तो अंधारात गल्लीनं पळत गेला.