पावणेचार फेऱ्या

परवा भाचीला सोडायला सणस मैदानावर गेलो होतो. साडेचारचं ऊन, लाल ट्रॅक नुसता तापलेला. तिची पंधराशे मीटरची चाचणी होती. पोरी पलीकडच्या अंगाला, वळण संपतं तिथे जाऊन उभ्या राहिल्या आणि इकडून त्यांचे सर ओरडले, "पावणेचार हं! मोजायला चुकू नका!"

पावणेचार. आमच्या आजोबांना पाउणकी तोंडपाठ होती, पण शर्यतीत ती त्यांनी खपवून घेतली नसती. "शर्यत आहे की भाजीचा हिशोब?"

आजोबा मैलवाले. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालचा, पण त्यांच्या घरात तो कधी लागू झाला नाही. आठ फर्लांगांचा मैल, १७६० यार्डांचा मैल, ४४० यार्डांच्या बरोब्बर चार फेऱ्या. जिथून निघालो तिथेच परत. चार मिनिटांच्या आत मैल पळणारा पहिला माणूस रॉजर बॅनिस्टर, त्याच्याबद्दल तर ते असं बोलायचे की हा आमच्या भावकीतलाच. ६ मे १९५४, ऑक्सफर्ड, वारा सुटलेला, ३ मिनिटं ५९.४ सेकंद. फेऱ्यांचे आकडे जेवताना पानावर ऐकवायचे: ५७.५, ६०.७, ६२.३ आणि शेवटची ५८.९. "तिसरीत माणूस गळतो रे," असं म्हणून ताकाचा भुरका. मला खूप नंतर सुचलं की आपल्या जुन्या मोजणीत पळ म्हणजे २४ सेकंद, म्हणजे चार मिनिटांची दहा पळं होतात. दशमानवाल्यांनी खरं तर मैलालाच डोक्यावर घ्यायला हवं होतं. हे ऐकवायला तेव्हा आजोबा राहिले नव्हते.

पंधराशेचं मूळ युरोपातल्या ५०० मीटरच्या जुन्या ट्रॅकांत आहे म्हणतात. तिथे तीन फेऱ्यांत काम व्हायचं. पुढे ट्रॅक ४०० चे झाले, पंधराशे तसेच राहिले, आणि ही पावकीची शेपटी उरली. १९७६ साली यार्डांतले बाकी सगळे विक्रम मोडीत निघाले, एकटा मैल तेवढा राहिला. मोरोक्कोचा धावपटू एल गेरुज, त्याचं मैलाचं १९९९ सालचं ३ मिनिटं ४३.१३ सेकंद अजूनही विक्रमांच्या पुस्तकात आहे.

मी आठवीत असताना शाळेच्या क्रीडामहोत्सवात पंधराशेला उतरलो. फक्कीने आखलेला ट्रॅक, पायात कॅनव्हासचे बूट. आजोबांनी आदल्या रात्री चार फेऱ्यांचं गणित पक्कं करून घेतलेलं. पहिलीत दम राखायचा, तिसरीत दात-ओठ खायचे, चौथीत जीव तोडायचा. सुरुवात मैदानाच्या पलीकडून होती आणि शेवटची रेघ मंडपासमोर, पण हे मला कोणी सांगितलं नाही. की सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, देव जाणे. मंडपासमोरून मी पाचवा गेलो. पुढची चार पोरं अचानक थांबून गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. मला वाटलं, गळाली! मग मी जो सुटलो! शंभर मीटर एकटाच, वाऱ्यासारखा. जिथून निघालो होतो तिथे पोचून दोन्ही हात वर केले. समोर फक्कीचं रिकामं घमेलं आणि त्याच्या सावलीत एक कुत्रं.

सगळं मैदान हसत होतं. सर काहीतरी बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. घरी येऊन मी रडवेल्या तोंडाने सांगितलं, तर आजोबांनी चष्मा पुसला, वर्तमानपत्राच्या समासात काहीतरी मांडलं आणि म्हणाले, "म्हणजे तू सोळाशे पळालास. मैलाला नऊ मीटर चौतीस सेंटिमीटर कमी. तेवढं तरी पळायचंस!"

सेंटिमीटर हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेवढा एकदाच ऐकला.

सणसवर भाची तिसरी आली. बाटलीभर पाणी डोक्यावर ओतलं, वेळ विचारली, नाक मुरडलं. मला वाटलं, आता निघेल. तर ही पुन्हा ट्रॅककडे.

"अगं, झालं ना?"

"मामा, चपला तिकडेच राहिल्यात."

मग ती आणि बाकीच्या पोरी, तापलेल्या ट्रॅकच्या कडेकडेने, उरलेली पाव फेरी चालत निघाल्या.