चौघीजणी आणि तांब्याचा बंब

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेची एखादी आठवण लिहून पाठवावी असा निरोप आला, तेव्हा स्नेहसंमेलन, वक्तृत्व आणि गुणवत्ता यादी यांपैकी काहीच माझ्या वाट्याला आले नव्हते, हे पहिल्यांदा ध्यानात आले. मला आठवला तो आठवीतला शुक्रवारचा शेवटचा तास. 1985 च्या दिवाळीच्या सुटीनंतर त्या तासाला मराठीच्या बाईंनी खाकी कव्हर घातलेले एक जाडजूड पुस्तक आणले आणि आठवड्याला एक प्रकरण याप्रमाणे मोठ्याने वाचायला सुरुवात केली. शांता शेळके यांनी मराठीत आणलेली ती ‘चौघीजणी’ होती. मूळ कादंबरी लुइसा मे अल्कॉट या अमेरिकन लेखिकेची; तिचा पहिला भाग 1868 मध्ये आणि दुसरा त्याच्या पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला.

मेग, जो, बेथ आणि एमी या चार बहिणी, त्यांची आई, आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धात सैन्याबरोबर धर्मोपदेशक म्हणून गेलेले वडील. माझे वडील दाहोदला रेल्वेच्या कारखान्यात होते आणि शनिवारी रात्रीच्या गाडीने घरी येत. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या दोन खोल्यांत उरलेले सहा दिवस आजी, आई, मी आणि माझी धाकटी बहीण असा बायकांचाच कारभार असे. त्यामुळे बर्फ, भिंतीतली शेगडी आणि नाताळ यांतले काहीही पाहिलेले नसताना ते घर मला पहिल्याच शुक्रवारी ओळखीचे वाटले. नाताळच्या सकाळचा आपला फराळ त्या मुली एका गरीब जर्मन कुटुंबाला नेऊन देतात, हे ऐकल्यावर मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, “बाई, आपण उत्तरायणाचा उंधियू असा उचलून दिला असता का?” उत्तरायण म्हणजे आमच्याकडची संक्रांत आणि उंधियू म्हणजे त्या दिवशीची मिसळीची भाजी. बाई हसल्या आणि पुढे वाचू लागल्या. वर्गातल्या प्रत्येकीला जो व्हायचे होते. बेथ व्हायला कोणीही तयार नव्हते, कारण पुस्तकाचा शेवट कोणीतरी आधीच वाचून आले होते.

त्याच शालेय वर्षातल्या उत्तरायणाला आमच्या घरी जे घडले ते सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. शाळेच्या हस्तलिखितासाठी मी एक कथा लिहिली होती. चौदा पाने, शाईच्या पेनाने, समास सोडून उतरवून काढलेली. 14 जानेवारीला मी मैत्रिणींच्या धाब्यावर, बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर गच्चीवर, पतंग उडवायला निघाले, तेव्हा नऊ वर्षांच्या बहिणीने बरोबर येण्याचा हट्ट धरला आणि मी तिला “तू लहान आहेस” म्हणून घरी ठेवले. दुपारी ‘काइपो छे’च्या, म्हणजे ‘कापला’च्या, आरोळ्यांत मी मान वर करून पाहत होते, तेव्हा शेजारच्या पोळातून, म्हणजे गल्लीतल्या वस्तीतून, एक लंगडा पतंग वर चढताना दिसला. त्याचा तोल राहावा म्हणून त्याला लांबलचक पुछडी, म्हणजे शेपटी, लावलेली होती आणि ती पुछडी रेघी कागदाच्या पट्ट्यांची होती. पतंग कलंडून आमच्या कठड्याजवळ आला तेव्हा मला समास दिसला. माझे अक्षर दांडिया बाजारावरून हेलकावे खात चालले होते.

आम्ही अकरा दिवस बोललो नाही. एकाच रजईत पाठीला पाठ लावून झोपत होतो आणि मधली जागा थंड राहत होती. आजीने समजावून पाहिले, आईने एका शब्दाने मध्यस्थी केली नाही. ती मागच्या मोरीत जाऊन बंब घासू लागली.

आमच्याकडे पाणी तापवायला तांब्याचा बंब होता. चिंचेचा कोळ आणि चुलीतली राख घेऊन आई तो घासायची. आधी झाकण, मग नळीच्या भोवतीची काळपट कड, मग पोट, गोल गोल, इतक्या जोराने की बांगड्या कोपरापर्यंत सारून ठेवाव्या लागत. शेजारच्या मासी कौतुकाने म्हणत की असा बंब अख्ख्या पोळात कोणाचा नाही. मलाही तो आईचा टापटिपीचा सोस वाटत असे.

अकराव्या दिवशी नसेल, पण त्याच सुमाराच्या शुक्रवारी बाईंनी आठवे प्रकरण काढले. नाटकाला नेले नाही म्हणून एमी चिडते आणि जोने कित्येक वर्षे खपून लिहिलेल्या गोष्टींचे हस्तलिखित जाळून टाकते. जो क्षमा करीत नाही. दुसऱ्या दिवशी गोठलेल्या नदीवर पातळ बर्फ मोडून एमी पाण्यात पडते, ती कशीबशी वाचते आणि जोचा राग त्या थंड पाण्यात विझतो. माझे कान तापले होते. आता कबूल करायला हरकत नाही, की त्या तासाला मी आमच्याही घरी एखादा बेताचा अपघात व्हावा अशी वाट पाहू लागले, म्हणजे मला मानाने बोलता आले असते. पण आमची विश्वामित्री नदी काही गोठत नाही, आणि तिच्यात मगरी असल्यामुळे बेताच्या अपघाताची सोय नाही.

त्यानंतरचा मजकूर मात्र बाईंनी दोनदा वाचला. आपल्या रागाला घाबरलेली जो रात्री आईजवळ रडते, तेव्हा आई तिला सांगते की माझाही स्वभाव असाच आहे, चाळीस वर्षे मी तो बदलू पाहते आहे आणि मला तो फक्त आवरता आला आहे; जवळजवळ रोज मला राग येतो, पण तो दिसू द्यायचा नाही एवढे मी शिकले. मग जोला आठवते की आई कधीकधी ओठ घट्ट मिटून खोलीबाहेर निघून जात असे. वर्गात कोणी काही बोलले नाही. आयांना राग येतो तो आपल्या खोड्यांमुळे, तेवढ्यापुरता, असेच आम्ही सगळ्या धरून चाललो होतो.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई भाजी निवडत होती. मी दप्तर न काढताच विचारले, “आई, तुला रोज राग येतो का?” तिने माझ्याकडे पाहिले, मोरीच्या दिशेने हनुवटी उडवली आणि म्हणाली, “बंब कसा लख्ख आहे ते दिसत नाही का तुला?” त्यापुढे ती काही बोलली नाही, मेथीच्या काड्या मोडत राहिली. रात्री मी बहिणीकडे तोंड करून झोपले.

आईला रोज राग येतो हे कादंबरीतले वाक्य मूळ लेखिकेचे, की बाईंनी आमच्यासाठी पदरचे घातलेले, ही शंका मला पुढे दोन-तीन वर्षे होती. दहावी झाल्यावर मी मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेले. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणायला लावले, त्या कामाचे हे मुख्य ठाणे. तिथल्या कपाटांमधली जमीन काचेची आहे. मान वर केली की वरच्या मजल्यावर चालणाऱ्याच्या पावलांची सावली दिसते. त्या हिरवट उजेडात उभे राहून मी मूळ इंग्रजी पुस्तकातले आठवे प्रकरण शोधले. बाईंनी एक अक्षर वाढवले नव्हते.

लेखिकेविषयीही तेव्हाच वाचले. कादंबरीतली आई तिने आपल्या आईवरून घेतली होती. तिचे स्वतःचे वडील विचारवंत आणि शिक्षक, पण घर चालेल एवढे कधी न मिळवणारे. युद्धात ते गेले नाहीत, 1862 च्या हिवाळ्यात परिचारिका म्हणून तीच गेली. बेथ म्हणजे तिची बहीण एलिझाबेथ, जी पुस्तकाच्या दहा वर्षे आधी, 1858 मध्ये वारली. स्वतः तिने लग्न केले नाही, पण वाचक मुलींची पत्रे आल्यामुळे जोचे लग्न लावून दिले, आणि ते मला आजही पटलेले नाही. आणखी एक गोष्ट तेव्हा खटकली नव्हती, आता खटकते. कादंबरीतले वडील ओठांवर बोट ठेवून आईला राग आवरण्याची आठवण करून देत, आणि ती त्याबद्दल त्यांची ऋणी असते. पंधराव्या वर्षी मला ते सुंदर वाटले होते. पन्नाशीत वाटते, कादंबरीतल्या त्या आईला निदान एखादा बंब तरी द्यायला हवा होता.

आमचे दाहोदचे दिवस संपले, वडील घरी आले, गीझरही आला. बंब मोडीत घालायचा ठरला तेव्हा बहिणीने तो मागून घेतला आणि पुण्याला नेला. तिच्या दिवाणखान्यात तो शोभेला ठेवलेला आहे, आणि घासायला कामाच्या मावशी आहेत. तरी एखाद्या रविवारी फोनवर इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ती सांगते, “आज बंब मीच घासला.” मी कारण विचारत नाही. चिंच वापरलीस की लिंबू, एवढेच विचारते.