स्वस्ताई येते कुठून?

आज महिन्याचा किराणा भरायला डी-मार्टमध्ये गेले. सोबत भाचा, एमबीए करतोय. ट्रॉली ढकलता ढकलता म्हणाला, "आत्या, यांच्या स्वस्ताईचं मूळ जागेत आहे." पटलं. राधाकिशन दमानींनी २००२ मध्ये पवईत पहिलं दुकान काढलं. शक्यतो जागा विकत घ्यायची, म्हणजे दरमहा भाड्याची कटकट नाही. पुरवठादाराचे पैसे झटपट चुकते करायचे, म्हणजे माल आणखी कमी भावात मिळतो. सजावटीवर तर खर्चच नाही (मला तेच आवडतं!). आता ब्लिंकिट-झेप्टो दहा-पंधरा मिनिटांत दारात. पाच किलो तूरडाळीला डी-मार्टच बरं, पण फोडणी तडतडत असताना कोथिंबीर संपलेली दिसली की ॲपच उघडणार. आणि आमचा कोपऱ्यावरचा वाणी? तो वहीवर उधार लिहितो. भाच्याकडे त्यावर उत्तर नव्हतं.