तुम्ही विचारलंत म्हणून: धडधाकट तरुणाचा न्यूमोनिया

“कधी साधी सर्दीही न झालेला मुलगा थेट अतिदक्षता विभागात कसा पोहोचला, आणि आदल्या दिवशी तपासणाऱ्या डॉक्टरांना ते कळले कसे नाही?” हा प्रश्न मला नातेवाईक वारंवार विचारतात, आणि त्यामागचा राग मला समजतो.

तरुण शरीर आजार झाकून ठेवते. फुप्फुसाचा एक आख्खा खंड सुजेने भरला, तरी नाडी आणि श्वास यांचा वेग वाढवून ते रक्तदाब बराच काळ सांभाळते, आणि ती ताकद संपली की काही तासांत सगळे ढासळते. तीव्रता ठरवण्याच्या ‘कर्ब-६५’ या मोजपट्टीत तर वयाचाच एक गुण आहे. तो तरुणाला मिळत नाही आणि आजार कागदावर सौम्य दिसतो.

एका तरुणाला उजव्या कुशीत दुखते म्हणून पोटविकार समजून पाठवले होते. तो सगळी उत्तरे नीट देत होता, फक्त दर तीन-चार शब्दांनी थांबत होता. नाडी पाहतो आहे असे भासवून (आपला श्वास कोणी मोजतो आहे हे कळले की माणूस तो बदलतो) मी पूर्ण मिनिटभर श्वास मोजले: ३६. मिनिटाला ३० म्हणजेच धोक्याची खूण. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाचा खालचा खंड पांढरा दिसला. तिथली सूज छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला भिडली की दुखणे पोटात जाणवते.

रक्त कल्चरसाठी (त्यात जंतू वाढतात का ते पाहण्यासाठी) घेतले आणि अहवालाची वाट न पाहता सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन व अ‍ॅझिथ्रोमायसिन ही दोन अँटिबायोटिक औषधे सुरू केली. न्यूमोकॉकस हा नेहमीचा जंतू पहिल्याने आटोक्यात येतो, पण लिजिओनेला या दुसऱ्या जंतूवर ते चालत नाही, म्हणून दुसरे. फ्लू बरा होत असताना पुन्हा ताप चढला आणि थुंकीतून रक्त पडू लागले, तर मात्र स्टॅफिलोकॉकस या जंतूचा संशय धरून व्हँकोमायसिन किंवा लिनेझोलिड जोडावे लागते. स्टिरॉइडबद्दलही विचारतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच चाचणीत अतिदक्षता विभागातील रुग्णांना हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिल्यावर २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ११.९ टक्क्यांऐवजी ६.२ टक्के आढळले. मात्र त्यात फ्लूचे रुग्ण घेतलेले नव्हते, त्यामुळे ते सरसकट देणे मला पटत नाही.

चौथ्या दिवशीही त्या तरुणाचा ताप उतरेना, तेव्हा अधिक ‘भारी’ अँटिबायोटिकचा आग्रह झाला. मी आधी छातीची सोनोग्राफी केली. फुप्फुसाभोवती पू साचला होता; नळी घालून तो काढला, औषधे तीच ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी तो न थांबता पूर्ण वाक्य बोलला.