कॅमेऱ्याचा ताबा कुणाकडे होता?

आजोबांच्या रोजनिशांचं एकेक पान मी कॅमेऱ्याने टिपून ठेवतेय. कॅमेरा स्टँडवर खाली तोंड करून बसवलाय आणि यूएसबी केबलने कंप्युटरला जोडलाय. फोटो जीफोटो-२ या प्रोग्रॅमला कमांड देऊन काढते, कारण कॅमेऱ्याच्या बटणाला बोट लावलं की स्टँड किंचित हलतो आणि पेन्सिलीचं बारीक अक्षर पुसट येतं. निम्म्या वह्या अशा झाल्या होत्या. मग एका रात्री लिनक्सचं, म्हणजे माझ्या कंप्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टीमचं, मोठं अपडेट घेतलं. सकाळी पहिल्याच पानाला उत्तर आलं: यूएसबी उपकरणाचा ताबा घेता येत नाही. एरर -५३.

मी आधी कॅमेरा बंद करून कार्ड काढलं, कार्ड रीडरमध्ये घातलं आणि डीसीआयएम हे फोटोंचं फोल्डर जसंच्या तसं दोन ठिकाणी कॉपी केलं. वैतागाच्या भरात कार्ड फॉरमॅट करून बघण्याचा मोह होतो, पण तो बिघाड कार्डाचा नसतोच, आणि त्यात गेलेली पानं परत टिपायला वही धड राहिलेली असेलच असं नाही. आमच्या वह्यांची पानं कडेने तुटायला लागली आहेत.

मग केबलवर संशय. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये दोन तारा विजेच्या आणि दोन डेटाच्या असतात. फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या काही केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच, आणि बाहेरून बघून ते कळत नाही. माझी केबल आदल्या दिवशीपर्यंत नीट चालली होती, तरी बदलून पाहिली. हब काढून थेट मागच्या पोर्टला लावली. कॅमेऱ्याचं वायफाय बंद केलं, कारण काही मॉडेलमध्ये ते चालू असताना यूएसबी चालत नाही. आपोआप बंद होण्याची वेळही वाढवली. फरक शून्य. यात दोन तास गेले, आणि ते वाचले असते. यूएसबीला काय काय जोडलंय त्याची यादी देणारी 'एलएसयूएसबी' ही कमांड आधी द्यायला हवी होती. ती दिल्यावर यादीत कॅमेरा नावासकट दिसला. म्हणजे केबल, पोर्ट, कॅमेरा सगळं ठणठणीत.

अपडेटमध्ये कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलल्यामुळे झालं असेल, असं वाटून कंप्युटर सुरू होताना येणाऱ्या ग्रब मेन्यूतून जुना कर्नल निवडून पाहिला. तीच एरर. तेवढ्याने कर्नल संशयातून सुटला.

खरी गोष्ट त्यानंतर लक्षात आली, आणि ती सकाळपासून डोळ्यांसमोरच होती. फाइल्सच्या खिडकीत डाव्या बाजूला कॅमेऱ्याचं चित्र होतं. त्यावर क्लिक केलं तर कार्डावरचे फोटोही दिसत होते. आदल्या दिवशीपर्यंत ते चित्र तिथे येत नसे. कॅमेरा जोडला गेला होता, फक्त माझ्या प्रोग्रॅमशी नाही. चित्राशेजारच्या खुणेवर क्लिक करून तो अनमाउंट केला, म्हणजे खिडकीपासून सोडवला, पुन्हा कमांड दिली, आणि शटरचा आवाज आला. तो आवाज ऐकून मी खुर्चीतून उठलेच.

झालं होतं ते असं. कॅमेरा आणि कंप्युटर यूएसबीवर पीटीपी नावाच्या पद्धतीने बोलतात. आयएसओ १५७४० हे तिचं मानक. पेन ड्राइव्हसारखी ही नुसती फाइलींची डबी नसते, दोन्ही बाजूंनी प्रश्नोत्तरं चालतात. म्हणून एका वेळी एकाच प्रोग्रॅमला तो जोड मिळतो. आधी ज्याने धरला, त्याने सोडेपर्यंत दुसऱ्याला -५३ मिळणार. आणि डेस्कटॉपचा एक पाळतीवरचा प्रोग्रॅम, जीव्हीएफएस या फाइल्सच्या खिडकीमागच्या यंत्रणेचा कॅमेऱ्यांसाठीचा व्हॉल्यूम मॉनिटर, कॅमेरा दिसताक्षणी तो फाइल्सच्या खिडकीसाठी जोडून टाकायला लावतो. ज्यांना नुसते फोटो उतरवून घ्यायचे असतात त्यांच्यासाठी ही सोयच आहे, त्यामुळे त्याला दोष देणं मला पटत नाही.

पण मग इतके महिने काम कसं चाललं? जुनी टिपणवही काढली. स्टँड प्रथम मांडला तेव्हा मी याच प्रोग्रॅमच्या फाइलीची 'चालवण्याची परवानगी' काढून टाकली होती, असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं सापडलं. अपडेटने त्या जागी नवी फाइल ठेवली आणि परवानगी परत आली. उपाय केल्याचं मी विसरले होते, म्हणून कारण नवं वाटलं.

या वेळी सिस्टीमच्या फाइलींना हात लावला नाही. पार्श्वभूमीला चालणाऱ्या सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टीमसीटीएल या कमांडला 'युजर' आणि 'मास्क' सांगून त्या मॉनिटरची सेवा फक्त माझ्या खात्यापुरती बंद केली. ही नोंद माझ्या होम फोल्डरमध्ये राहते, त्यामुळे पॅकेज नवं आलं तरी पुसली जात नाही. कधी नेहमीसारखे फोटो उतरवायचे झाले तर 'अनमास्क' केलं की झालं. कंप्युटर पुन्हा सुरू केला, कॅमेरा जोडला. खिडकीत चित्र आलं नाही, कमांडला मात्र लगेच फोटो मिळाला.

हे सगळं आता टिपणवहीत तारखेसकट लिहिलंय, आणि त्याची एक प्रत स्टँडच्या पायाला चिकटवलीय. संध्याकाळपर्यंत त्या दिवशीची ठरवलेली पानं झाली. शेवटच्या पानावर आजोबांनी पावसाची नोंद केली होती, आणि तिची पेन्सिल स्पष्ट आली.