नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड, वॉकीटॉकीसह

यंदा हिवाळ्यात आम्ही दोन गटांत हरिश्चंद्रगड केला. दमाची मंडळी बेलपाड्याहून नळीच्या वाटेने, बाकीचे पाचनईतून. नळीत, म्हणजे कातळांमधल्या अरुंद घळीत, मोबाइलच्या रेंजवर विसंबता येत नाही, म्हणून वॉकीटॉकी घेतले.

त्यांची खरी किंमत कळली घसाऱ्यावर. वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड थेट खालच्याच्या अंगावर येतो. मग ठरवलं, वरचा आडोशाला पोचून 'या' म्हणेपर्यंत खालच्यांनी कातळाला चिकटून थांबायचं. शिट्टी पुरते म्हणणारे भेटतीलच. पण नळीत शिट्टी घुमते आणि वरून आली की खालून तेच उमगत नाही.

पाकिटावर छापलेल्या किलोमीटरांवर जाऊ नका. मध्ये डोंगर आला की संपलं. गडाच्या कोकणकड्यावरून खाली बेलपाड्यात थांबलेल्या गाडीवाल्या दादांशी स्वच्छ बोलणं झालं; तोच संच गडावरच्या केदारेश्वराच्या गुहेत मुका. म्हणून पाचनईच्या गटातल्या एकाला कड्यापाशी बसवलं. नळीतला निरोप तो गावात आणि देवळाकडे पोचवायचा. कंटाळवाणं काम आहे, चहा-पोह्यांची सोय करून बसवा.

संच ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या परवानामुक्त पट्ट्यातलेच घ्या आणि ईटीए, म्हणजे उपकरणाला मिळणारी सरकारी मंजुरी, आहे ना, ते बघा. कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर लावता येणारे स्वस्त संच ऑनलाइन दिसतात, पण ते परवान्याशिवाय वापरणं बेकायदा. संचातल्या 'प्रायव्हसी कोड'ने दुसऱ्यांची बडबड तुम्हाला ऐकू येत नाही इतकंच. तुमचं बोलणं त्याच चॅनलवरचा कुणीही ऐकू शकतो. शनिवार-रविवारी गडावर गर्दी असते, तेव्हा पर्यायी चॅनल पायथ्यालाच ठरवा.

बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द खाल्ला जातो. अँटेना उभी धरा. थंडीत बॅटरी लवकर बसते, रात्री संच जॅकेटच्या आत ठेवा.

अपघात झालाच तर वॉकीटॉकीवरून बाहेरची मदत मिळत नाही. फोन लागेल अशा जागी असलेल्या आपल्याच माणसापर्यंत निरोप पोचतो, ११२ ला फोन त्याने करायचा. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा नंबर त्याच्याकडे आधीच देऊन ठेवा. जागा, जखमी किती, शुद्धीत आहेत का, चालता येतं का, याच क्रमाने सांगा आणि त्याच्याकडून परत वदवून घ्या.