स्पिनर वेगात, आकडे मागे

तक्रार एवढीच होती: पिनबॉल मशीनचा स्पिनर भरभर फिरतो, पण गुण तेवढे चढत नाहीत. मशीन विल्यम्स कंपनीचं 'ग्रां प्री', 1976चं, इथंच शिकागोत बनलेलं. स्टीव्ह कॉर्डेकचं डिझाइन, चार खेळाडूंचं, काचेवर रेसच्या गाड्या, आणि खेळाचा सगळा जीव दोन स्पिनरांत. बॉल जोरात लागला की पत्र्याची ती पट्टी गरगरते आणि प्रत्येक गिरकीला गुण पडायला हवेत. मालक म्हणाले, "अर्धे तरी बुडतात."

आधीच्या मेकॅनिकनं स्पिनरचा स्विच बदलला होता, रिले (विजेनं चालू-बंद होणारा स्विच) नवा टाकला होता, बिलही लावलं होतं. मी काही उघडायच्या आधी चौघांचा खेळ लावला आणि प्रत्येकाच्या पाळीला बोटानंच स्पिनर फिरवून पाहिला. स्पिनर, स्विच, रिले सगळ्यांना एकच. तरी तिघांचे आकडे बरे चढत होते आणि दुसऱ्या खेळाडूचे अडखळत होते. म्हणजे दोष त्याच्या रीलमध्ये, गुण दाखवणाऱ्या आकड्यांच्या चाकांत. या तपासणीला एक पैसा लागत नाही. ती न करता सुटे भाग बदलत सुटणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

रील काढलं, तर कॉइलच्या आत तेल! प्लंजर, म्हणजे कॉइल ओढते आणि रील पुढं सरकवते ती लोखंडी दांडी, नळीत कोरडाच चालला पाहिजे. तेल घातलं की काही दिवस मऊ चालतो, मग धूळ धरून त्याचा चिकटा होतो. पुण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, स्ट्राउजरच्या, म्हणजे यंत्रानं फोन जोडणाऱ्या जुन्या स्विचांच्या काळात, तेलाची कुपी हाती देण्याआधी आमचे सुपरवायझर कित्येक महिने नुसतं बघायला लावायचे. ते किती बरोबर होतं!

प्लंजर स्पिरिटनं पुसले, नळ्या नव्या घातल्या. कॉन्टॅक्टच्या चांदीच्या टिकल्यांवरून अगदी बारीक कानस फिरवली; सँडपेपर तिथं कधीच नाही. मग पात्यांमधलं अंतर. फार जवळ आणली तर चिकटून राहतात, लांब ठेवली तर वेगातल्या गिरक्या सुटतात. हे मी कानानं लावतो, टकटक एकसारखी येईपर्यंत.

चारही रीलं सारखी चालू लागली. मालकांनी मात्र फोनवर स्लो मोशन व्हिडिओ काढला: सगळ्यात जोरदार फटक्याला अजूनही एखाद-दुसरी गिरकी मोजली जात नव्हती. "इलेक्ट्रॉनिक बोर्ड बसवू या का?" मी नाही म्हटलं. आतलं यंत्र काढून घेतलं तर उरते ती नुसती पेटी. त्यांना समजावलं की प्लंजर ओढला जाऊन परत येईपर्यंत पुढची गिरकी आली, तर ती साठवायला यात जागाच नाही. पैसे दिले त्यांनी, पण समाधान दिसलं नाही.

कारखान्यातून आलं तेव्हाही हे मशीन त्या गिरक्या गाळत असेल का? की माझ्या स्प्रिंगचा ताण कमी पडतोय? जास्त ताठ स्प्रिंग प्लंजर लवकर परत आणेल, पण कॉइलला ओढायला जड जाईल. दोन-तीन वेगवेगळ्या ताणांच्या स्प्रिंगा मागवल्यात. त्या आल्या की फोन करून जाणार आहे, पैसे न घेता.